पंखाचा सांधा

आमटीचा पहिला भुरका घेऊन नानांनी वाटी खाली ठेवली आणि दर रविवारी विचारायचे तोच प्रश्न विचारला, "मीठ तोलून घातलंस का गं, कुंदा?"

कुंदाने शांतपणे त्यांच्या पोळीवर तूप सोडलं. तिचा धाकटा भाऊ देवदत्त ताटातल्या भाजीकडे बघत राहिला, त्याची बायको मालिनी उगाचच पाण्याचा तांब्या भरायला उठली... देवदत्तची मुलगी राजसी जेवढ्या वर्षांची, तेवढी वर्षं हा प्रश्न अंबरनाथच्या या घरात विचारला जात होता. चहा गोड झाला तरी तोच, भात मऊ झाला तरी तोच. बाहेरच्या माणसाला ती म्हाताऱ्या बापाने लेकीची केलेली थट्टा वाटली असती. पण घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, की त्या एवढ्याशा प्रश्नात एक मोडलेला पंख होता आणि बापाच्या मनातून उतरलेली एक मुलगी होती!

"मीठ बरोबर आहे, नाना," राजसी म्हणाली. "गेल्या रविवारीही हेच म्हणालात आणि आमटी चाटूनपुसून संपवलीत."

नानांच्या मिशा किंचित हलल्या. विमानदुरुस्तीचा परवाना मिळवून घरची शेड चालवणाऱ्या या नातीला सगळं माफ होतं.

"आणि ऐका," ती पुढे म्हणाली, "गुरुवारी नव्या पंखाच्या मुख्य दांडीचा सांधा जोडायचाय. सरस आत्या कालवेल."

कुंदाने तुपाची वाटी खाली ठेवली.

"माझ्या शेडमध्ये नाही," नाना म्हणाले.

"शेड आता बाबांच्या नावावर आहे ना?"

"मग आधी मला पोचवा, नि मग काय ते कालवा!"

"राजसी, पुरे," कुंदा म्हणाली. "गुरुवारी मला शाळेत प्रॅक्टिकल आहेत."

गुरुवारी प्रॅक्टिकल नव्हती. हे राजसीलाही ठाऊक होतं.

घराच्या मागे, अंगण ओलांडलं की ती पत्र्याची लांबलचक शेड होती. नाना, म्हणजे श्यामकांत, तरुणपणी एका फ्लाइंग क्लबात लाकूडकाम शिकले आणि मग अंबरनाथ पश्चिमेला स्वतःच्या जागेत जुन्या, दोन मजली पंखांच्या, कापडाने मढवलेल्या छोट्या विमानांचे पंख बांधू लागले. "विमानाचे सुतार" म्हणून लोक हसायचे. नाना छाती काढून म्हणायचे, "हो! सुतारच. पण माझं कपाट आकाशात उघडतं!" स्प्रूसच्या हलक्या, सरळ रेषांच्या लाकडाची लांब दांडी, तिच्यावर ओळीने बसवलेल्या नाजूक बरगड्या, आणि या सगळ्याला धरून ठेवणारा काळसर तांबडा सरस. खिळ्यांवर नव्हे, त्या सरसावर माणसाचा जीव तरंगायचा.

आणि तो सरस कालवायची कुंदा! रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली, कमी बोलणारी, काट्याची सुई थरथरायची थांबेपर्यंत श्वास रोखून धरणारी. पातळ रेझिन किती, पूड किती, आज हवेत उष्मा किती... सारं ती तोलूनमापून ठरवायची. "माझ्या लेकीच्या सरसाने लाकूड फाटेल, पण सांधा सुटणार नाही," असं नाना येईल त्या पाहुण्याला सांगत. नुसतं सांगत नसत, दाखवतही. शेडचा नियमच होता : सरसाचं भांडं कालवलं, की त्याच भांड्यातून, त्याच लाकडाच्या दोन तुकड्यांची वीतभर पट्टी जोडून ठेवायची. तिच्या टोकाला आणि पंखाच्या पहिल्या बरगडीला सुरीने सारखीच खूण करायची, प्रत्येक पंखाची वेगळी. पंखाचा सांगाडा तयार झाला, वाळूच्या पिशव्या रचून त्याची ताकद पाहिली, की मग सगळ्यांसमोर ती पट्टी मोडायची. लाकूड फाटलं आणि सरस टिकला, तरच पंखावर कापड चढायचं.

एका पंखाची पट्टी मात्र मोडली गेली नव्हती. तो पंख इतकी वर्षं शेडच्या आढ्याला टांगलेला होता. नानांनी तो ना दुरुस्त करू दिला, ना जाळू दिला. आणि त्या दिवसापासून कुंदाने शेडचा उंबरठा ओलांडला नव्हता. बदलापूरला हेंद्रेपाड्यात छोटीशी जागा घेऊन ती राहू लागली, कात्रपच्या शाळेत मुलांना शास्त्र शिकवू लागली. रविवारी येई, स्वयंपाक करी, अंगणातून शेडच्या दाराकडे एकदा बघे आणि परत जाई.

पण तिचे हात थांबले नव्हते! ज्या विमानांचे कारखाने केव्हाच बंद पडले, त्यांचे बिजागर, कप्प्या, तारा ताणायचे पितळी फिरकीचे स्क्रू, ज्यांना कारागीर टर्नबकल म्हणतात, हे सगळं आणायचं कुठून? कुंदा रात्रंदिवस तेच शोधी. इंग्लंडातल्या कुणा निवृत्त वैमानिकाच्या गॅरेजात, ऑस्ट्रेलियातल्या कुणा मेंढपाळाच्या कोठारात, नाहीतर इथेच, उल्हासनगरच्या भंगारात. माल शेडमध्ये पोचवायचा देवदत्त. नाना समजत, की तो शोधतोही देवदत्तच. किंवा तसं समजल्याचं दाखवत.

सोमवारी संध्याकाळी राजसी तिला स्कूटरवर मागे बसवून उल्हासनगरला घेऊन गेली. परसरामशेठच्या दुकानात पंख्यांच्या पात्यांपासून लिफ्टच्या साखळ्यांपर्यंत सगळं होतं.

"आओ मॅडम, आओ!" शेठ गादीवरून उठलाच. "तुमचा माल मी दुसऱ्या कोणाला दाखवला पण नाय. एक पार्टी आली, बोलली शोपीस बनवतो. मी बोललो, चल निकल, ये उडनेवाला माल है!"

कुंदाने पर्समधून भिंग काढलं. एकेक टर्नबकल उजेडात धरून तिने आटे पाहिले, नखाने चाचपले. दोन बाजूला ठेवले, तिसरा परत केला.

"क्या मॅडम! मुलगी बघायला आल्यासारखं बघता तुम्ही."

"नवरीच्या दाताला कीड असली तर कुणी आकाशातून पडत नाही, परसरामशेठ. याला मानेजवळ चीर आहे."

शेठने तो टर्नबकल डोळ्याजवळ नेला, लांब नेला, आणि राजसीकडे वळला. "मला तर काय दिसत नाय. पण आत्या बोलली तर असेल. बेटा, तेरे दादाजी आले होते एकदा. मला बोलले, माझा मुलगा देवदत्त माल एकदम पारखून आणतो. मी चहाच पीत होतो, ठसका लागला ना मला!"

राजसी हसली नाही. ती आत्याकडे बघत राहिली. कुंदाने भिंग पुसून पर्समध्ये ठेवलं.

हेंद्रेपाड्याच्या घरी पोचल्यावर कुंदाने चहा टाकला. राजसी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि एकदम म्हणाली, "आत्या, मी तो जुना पंख खाली उतरवला."

कुंदाचा हात साखरेच्या डब्यावर थांबला.

"नाना रागावले. पण मला त्याच्यावरचे जुने बिजागर नव्या पंखाला हवे होते. सुटलेला सांधा मी भिंगाखाली पाहिला. आत्या, वजन चुकलं असतं तर सरस चिवट राहिला असता, नाहीतर त्याचा भुगा झाला असता. तो अजून काचेसारखा कडक आहे. वरून चकचकीत. समोरच्या लाकडाचा ठसासुद्धा त्याच्यावर उठलेला नाही."

"चहात आलं घालू?"

"साय धरली होती त्याच्यावर! दुधावर धरते तशी. सरस लावून ठेवला आणि दोन्ही लाकडं एकमेकांवर दाबून शिकंजे आवळायला कुणीतरी उशीर केला. कालवणाऱ्याची चूक नव्हतीच ती. मग तू का सांगितलंस की तुझं वजन चुकलं? पट्टी कुठे आहे त्या पंखाची?"

"केली नव्हती."

"तू? तू चहा गाळायच्या आधी गाळणंसुद्धा उजेडात धरतेस!"

"विसरले म्हटलं ना!" कुंदाचा आवाज चढला. इतका, की तिचा तिलाच तो अनोळखी वाटला.

तेवढ्यात दाराची बेल वाजली. शेजारच्या बाईंना डबा परत करायचा होता, मग दोन शब्द बोलणं आलं. ती परत आली तेव्हा राजसी पर्स खांद्याला लावून उभी होती. चहा अर्धाच प्यायलेला.

"निघते मी."

पोर दुखावली... कुंदाला वाटलं. सांगता आलं असतं, तर इतकी वर्षं गप्प का राहिलो असतो आपण?

तो दिवस तिच्या डोळ्यांसमोर कालचा असल्यासारखा उभा होता. त्याच्या थोडे दिवस आधी, भर वैशाखात, मुख्य दांडीच्या सांध्याचा सरस तिने कालवला, पट्टी जोडली, भांडं देवदत्तच्या हातात दिलं. आणि मालिनीला कळा सुरू झाल्या म्हणून आईबरोबर ती दवाखान्यात धावली. पोचल्या पोचल्याच मुलगी झाली. घरभर आनंद झाला. मग मालिनी बाळाला घेऊन घरी आली, त्याच दिवशी त्या पंखावर वाळूच्या पिशव्या रचल्या जात होत्या. आजोबांचं काम बाळाला दाखवावं म्हणून मालिनी हौसेने तिला घेऊन शेडच्या दारात आली, उंबऱ्याच्या आत तिने पाऊल ठेवलं... आणि त्याच क्षणी कडाड् आवाज होऊन सांधा उघडला! पिशव्या घसरल्या, बाळ किंचाळून रडू लागलं. जमलेले सगळे सुन्न झाले. आणि त्या शांततेत कुंदाची आई, बकुळाबाई, पदर तोंडाला लावून पुटपुटली, "पोरगी दारात आली नि पंख मोडला... पायगुण म्हणायचा की काय हा..."

आई वाईट नव्हती. पण आईच्या तोंडून निघालेला तो शब्द कुंदाने मालिनीच्या चेहऱ्यावर उमटताना पाहिला. असा शब्द एकदा चिकटला, की निघत नाही! उद्या ही मुलगी नापास झाली तरी तोच शब्द, कुणी आजारी पडलं तरी तोच. कुंदा उघड्या सांध्यावर वाकली. चकचकीत साय एका नजरेत तिने ओळखली. शिकंजे देवदत्तने उशिरा लावले, हे कळायला तिला पळभरही लागलं नाही. पण खरं सांगितलं असतं, तर सगळ्यांनी विचारलं असतं, का उशीर झाला? आणि उत्तर पुन्हा त्या दुपट्यातल्या जिवापाशीच येऊन थांबलं असतं! एप्रनच्या खिशात पट्टी होती. तिच्यावर तळहात दाबून धरत कुंदा म्हणाली, "पायगुण कसला, आई? माझं वजन चुकलं. आणि पट्टीही मी केली नव्हती."

नानांनी सांध्याकडे एकदाच पाहिलं. मग लेकीकडे. "माणसं मरतात अशाने," एवढंच ते म्हणाले. "जा इथून."

ती गेली. मुलगी वाढली. तिला कुणी कधी एका शब्दाने डिवचलं नाही. उलट, राजसी म्हणजे घराचं भाग्य, असंच सगळे म्हणत आले. एखाद्या रविवारी मिठाचा प्रश्न फार लागला, की कुंदा त्या पोरीच्या ताठ मानेकडे बघे. मग तिचं सगळं दुखणं निवून जाई, आणि उरे तो नुसता अभिमान.

गुरुवारी सकाळी ती शाळेचा डबा भरत असताना नदीकडून वारा सुटला आणि स्वयंपाकघराची खिडकी दाणकन आपटली.

कुंदा दचकली. ही खिडकी आपटत नसे. तिची खिट्टी ढिली होती खरी, पण फटीत कायम एक पाचर ठोकलेली असे... तिने बघितलं. फटीतून वर्तमानपत्राची घडी खाली पडली होती. तिथली पाचर नव्हती!

ती पाचर म्हणजेच ती पट्टी. फेकवत नव्हती, ट्रंकेत ठेवली तर रोज काढून बघावीशी वाटायची. म्हणून तिने ती सगळ्यांच्या नजरेसमोर खिडकीत ठोकून टाकली होती. किती पावसाळे त्या लाकडाने प्यायले, किती उन्हाळे सोसले... आणि सोमवारी, ती दाराशी शेजारणीशी बोलत असताना, राजसीने तिच्यावरची तांबडी रेघ ओळखली होती.

डबा तसाच ओट्यावर राहिला. अंबरनाथला पोचेपर्यंत कुंदाच्या मनात एकच होतं : ती पट्टी मोडता कामा नये. मोडली, तर पोरीला सगळं कळेल! अंगण तिने जवळजवळ धावतच ओलांडलं, शेडच्या दारातून ती आत शिरली, आणि उंबरठा केव्हा मागे पडला, ते तिच्या ध्यानातही आलं नाही.

आत सगळे होते. नाना खुर्चीत, हातात काठी. देवदत्त नव्या दांडीपाशी. मालिनी चहाचे कप घेऊन. आणि टेबलाच्या लोखंडी पकडीत, वाइसमध्ये, अर्धी आवळलेली ती पट्टी, शेजारी लाकडी मोगरी हातात घेतलेली राजसी. जुन्या पंखाची पहिली बरगडी तिने टेबलावर काढून ठेवली होती. दोन उभे काप, एक तिरका. पट्टीवरही तेच दोन उभे, एक तिरका.

"राजसी, नको! मोडू नकोस ती!"

सगळे वळले. नानांनी लेकीला शेडमध्ये उभं पाहिलं, आणि ते रागावायचं विसरले. त्यांची नजर त्या खुणेवर खिळली होती.

"कुंदा," ते सावकाश म्हणाले, "ही पट्टी तू केली नव्हतीस ना?"

कुंदाने पट्टीकडे हात पुढे केला.

"मोड," नाना नातीला म्हणाले.

मोगरी बसली. तड् असा कोरडा आवाज झाला. राजसीने तुटलेला तुकडा आजोबांच्या तळहातावर ठेवला. म्हाताऱ्या अंगठ्याने तो चाचपला, पुन्हा चाचपला. लाकूड चिरफाळून फाटलं होतं, त्याचे तंतू टोचत होते... आणि सरसाची काळसर तांबडी रेघ जशीच्या तशी, अभंग!

"ही कुठे होती?"

"आत्याच्या खिडकीत, नाना. पाचर म्हणून. पावसात."

"पावसात..." नाना पुटपुटले. "मग सांधा का सुटला?"

"साय धरली म्हणून. शिकंजे उशिरा लागले."

कप खडखडले. मालिनीच्या हातातला ट्रे देवदत्तने घेतला, खाली ठेवला आणि तो तसाच खाली बसला. "शिकंजे मी लावले होते," तो म्हणाला.

"देवा, गप्प बस!" कुंदा ओरडली.

"नाही ताई, आता नाही! नाना, मी सरस लावला आणि दवाखान्यातून फोन आला. मुलगी झाली म्हणून. मी तसाच सायकलवर टांग मारली. पोरीला पाहिलं, येताना पेढे घेतले, सगळ्या शेडला वाटले, आणि मग शिकंजे आवळले. मला वाटलं, ओलाच असेल... आनंदात होतो हो मी! आणि पुढे ताई म्हणाली वजन चुकलं, तेव्हा मी ते खरं मानलं. मला ते मानायला सोपं गेलं."

राजसीच्या हातातली मोगरी हळूच टेबलावर आली. "म्हणजे... माझा जन्म झाला म्हणून?"

"म्हणूनच नको म्हणत होते मी!" कुंदा तिच्याकडे धावली. "तुझ्यामुळे काही झालेलं नाही, ऐकतेस ना? उष्म्यात सरस लवकर सुकतो, एवढंच शास्त्र आहे त्यात. दुसरं काही नाही!"

पण मालिनीला सारं उमगलं होतं. ती पुढे आली. "मी बाळाला घेऊन या दारात उभी होते. सासूबाईंच्या तोंडून तो शब्द निघाला आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. तो पुरा व्हायच्या आत वन्सं बोलल्या... वन्सं, तुम्ही माझ्या पोरीसाठी स्वतःवर घेतलंत हे? आणि मी दर रविवारी नुसतं पाणी भरायला उठत राहिले!"

राजसीने आत्याला मिठी मारली. आत्याच्या खांद्यावर कपाळ टेकून ती लहान मुलीसारखी हुंदके देत राहिली. कुंदा तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "वेडे, रडतेस काय? तो पंख मोडला, पण तू घडलीस. मला सांग, तोट्यात कोण राहिलं?"

नाना काठी टेकत उठले. त्यांना उठायला मदत लागे, पण आज त्यांनी कुणाचा हात घेतला नाही. तुटलेला तुकडा अजून त्यांच्या मुठीत होता.

"सांधा मी नीट बघितलाच नाही, कुंदा," ते म्हणाले. "रागाने बघितला. जन्मभर पोरांना शिकवत आलो, लाकडाकडे रागाने बघू नये... आणि इतकी वर्षं मी मीठ तोलत बसलो गं!"

त्यांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. कुंदाने त्यांना कधीच रडताना पाहिलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही.

"नाना, बसा."

"नाही बसत. देवा, काटा काढ." त्यांनी नव्या दांडीच्या तिरक्या सांध्याकडे काठी केली. "सरस कुंदा कालवेल. आणि मी तिकडे तोंड करून उभा राहीन. माझ्या लेकीच्या वजनावर कुणी नजर ठेवायची नाही!"

ते खरोखरच भिंतीकडे वळले. कुंदाने डोळे पुसले, एप्रन अंगावर चढवला, काट्यासमोर उभी राहिली... आणि मग तिने मान हलवली.

"नाही, नाना. इकडे वळा. काट्यावर दुसरं माणूस लागतं, हा शेडचा नियम आहे. त्या पंखानंतर तुम्हीच घातलेला. माझ्यावर विश्वास ठेवायचा असेल तर सुईकडे बघून ठेवा."

नाना वळले. ओल्या डोळ्यांनी, पण मिशांमध्ये हसू घेऊन ते काट्यावर वाकले. "बघतो, बाई. बघतो."

सुई थरथरली, थांबली. कुंदाने श्वास सोडला. ती कालवू लागली, राजसीने सरस सांध्यावर पसरला, आणि देवदत्त शिकंजे हातात घेऊन असा उभा होता, की जणू कुणी त्याला आकाशातून हाक मारली तरी तो जागचा हलणार नव्हता. खिशात त्याचा फोन वाजत होता. त्याने तो तसाच वाजू दिला.

पंखाचा सांगाडा पुरा व्हायला पुढे बरेच दिवस गेले. परसरामशेठचे टर्नबकल राजसीच्या तपासणीतून पार पडले. ते बसवले गेले. वाळूच्या पिशव्या रचायच्या दिवशी शेठ स्वतः मिठाई घेऊन आला आणि दारातच उभा राहून सगळ्यांना सांगू लागला, "मॅडमने पास केलेला माल आहे. तुटणार नाय!" पुण्याहून विमानाचे मालक आले होते. जुने वैमानिक, बोलता बोलता चाचणीसाठी उलटा बसवलेल्या नव्या पंखावरून हात फिरवत होते.

एकेक पिशवी चढू लागली. दांडी किंचित लवली. लवायलाच हवी होती. कुंदा सांध्याशी कान लावून बसली होती. शेवटची पिशवी उरली तेव्हा नानांनी हात वर केला.

"थांबा. राजसी, तू बाहेर जा."

"नाना? माझा पंख आहे हा."

"जा म्हणतो ना! अंगणात उभी राहा. मी हाक मारली की आत ये."

राजसी गोंधळून बाहेर गेली. नानांनी मालिनीला खूण केली, तीही गेली. देवदत्तच्या लक्षात आलं, त्याने ओठ घट्ट मिटले. शेवटची पिशवी बापलेकांनी अलगद उचलून पंखावर टेकवली, आणि तिचा भार सोडता सोडता नानांनी सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी हाक घातली,

"मालिनी, पोरीला आत घेऊन ये!"

मालिनीने मुलीचा हात धरला. दोघी दारात आल्या. राजसीने उंबरठ्याच्या आत पाऊल ठेवलं...

कुंदाचा कान सांध्यावर होता, डोळे दाराकडे होते. दारात तिची भाची उभी होती, ताठ मानेची, हाताला सरसाचे डाग पडलेली. आणि कानाखालचं लाकूड शांत होतं. पूर्ण भार अंगावर घेऊन, अगदी शांत.

"काय म्हणतोय पंख?" नानांनी विचारलं.

"काही म्हणत नाही, नाना," कुंदा म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती हसत होती. "याला आपली माणसं ओळखीची दिसतात."

मग नव्या पंखाची पट्टी मोडायची होती. नानांनी मोगरी उचलली, पण ती कुंदाच्या हातात दिली. पट्टीच्या टोकाला दोन उभे काप होते, एक तिरका. आणि त्यांच्या शेजारी, थोडा वाकडा, राजसीने मारलेला नवा काप. कुंदाने ती वाइसमध्ये आवळली, क्षणभर तळहात तिच्यावर ठेवला, एप्रनच्या खिशावर एकदा ठेवला होता तसाच... आणि सगळ्यांच्या देखत, सगळं बळ एकवटून, घाव घातला.